गरम झाली की बंद, वीस मिनिटांनी चालू : पद्मिनीचा आजार आणि ओला फडका

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमच्या गाडीचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल. सकाळी थंड इंजिन, चोक ओढला की पहिल्या सेल्फला चालू. पंधरा-वीस किलोमीटर गाडी लोण्यासारखी. मग कुठल्या तरी सिग्नलला किंवा चढावर बंद. सेल्फ जोरात फिरतो, बॅटरीची काही तक्रार नाही, पण इंजिन पकडत नाही. बॉनेट उघडायचं, रस्त्याच्या कडेला उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे सल्ले ऐकायचे, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी चावी फिरवली की गाडी सुरू. काही झालंच नव्हतं अशा थाटात.

माझी प्रीमियर पद्मिनी 1986 ची. वडिलांनी घेतलेली, 1089 सीसी, एक कार्बोरेटर, सीबी पॉइंटवालं डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग; पॉइंट म्हणजे त्यातले उघड-मीट करणारे दोन संपर्क). रविवारी पुसून परत झाकून ठेवायची गाडी नाही ही, रोज कात्रज ते हडपसर जाते-येते. मध्ये लांबलचक सिग्नलचा खडी मशीन चौक लागतो. ज्यांना तो माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको.

ही तक्रार मला दीड वर्ष पुरली. त्या काळात जे जे बदललं त्यातलं निम्म्याहून जास्त उगाच बदललं.

फडका

जुन्या फिएट-पद्मिनीवाल्यांना या दुखण्यावर एकच औषध पाठ असतं : एसी पंपावर ओला फडका. पेट्रोलचा जो यांत्रिक पंप इंजिनच्या ब्लॉकला बोल्ट केलेला असतो त्याला आपले मिस्त्री एसी पंप म्हणतात. थंड हवेच्या एसीशी त्याचा काही संबंध नाही. ब्लॉक तापला की पंप तापतो, आतलं पेट्रोल उकळतं, नळीत वाफ धरते, आणि वाफेला ढकलून कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल न्यायची पंपातल्या त्या बिचाऱ्या डायफ्रामची, म्हणजे रबरी पडद्याची, ताकद नसते. फडका ओला करून ठेवला की पंप निवतो, वाफेचं परत पेट्रोल होतं, गाडी सुरू. मुंबईचे टॅक्सीवाले वर्षानुवर्षं हे करत आले. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली. टॅक्सी गेली, पण फडका अजून आहे.

तत्त्व खरं आहे. पेट्रोलचे हलके घटक 35-40 अंशांपासूनच उडायला लागतात आणि मे महिन्यात बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त गरम असतं. म्हणून मीही डिकीत फडका आणि पाण्याची बाटली ठेवायला लागलो. गाडी बंद पडली की फडका भिजवायचा, पंपावर गुंडाळायचा, थांबायचं. वीस मिनिटांनी गाडी सुरू! औषध लागू पडतंय म्हटल्यावर आजारही तोच असणार, असं मी धरून चाललो.

मिस्त्री म्हणाले, "दादा, पंप तापतोय. किट टाकू या." टाकलं. मग पंप आणि ब्लॉकमधला काळा बेकेलाइटचा स्पेसर बदलला. मग पेट्रोलच्या नळीवर उष्णता अडवणारी चंदेरी गुंडाळी चढवली. मग टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवला. प्रत्येक कामानंतर आठ-दहा दिवस बरे जायचे, मी मित्रांना सांगायचो की सुटला एकदाचा प्रश्न, आणि पुन्हा कोंढव्याच्या चढावर बॉनेट उघडून उभा.

डोळे उघडले ते डिसेंबरात. साताऱ्याला लग्न होतं, मागे आई बसलेली. सकाळी साडेसहाला, खेड शिवापूरच्या टोलनाक्याच्या अलीकडे, धुक्यात, कानटोपी घालावी अशा थंडीत गाडी गपकन बंद पडली. मी सवयीने फडका काढला. पंपाला हात लावला तर पंप जेमतेम कोमट. आई मागून म्हणाली, "तुझ्या बाबांच्या हातात ही अशी कधी बंद पडली नाही." ते तर लागलंच, पण त्याहून जास्त लागलं ते हे की पंप कोमट असताना वाफ कसली धरतेय? त्या दिवशी फडका न लावता नुसता उभा राहिलो. बावीस मिनिटांनी गाडी सुरू झाली.

म्हणजे दीड वर्ष औषधाचं श्रेय फडका घेत होता आणि काम करत होती ती वीस मिनिटं. फडका लावा नाहीतर हनुमानचालिसा म्हणा, इंजिन तेवढ्या वेळात निवतंच. इंजिनबरोबर बॉनेटखालच्या सगळ्याच वस्तू निवतात, एकटा पंप नाही.

पहिली दोन मिनिटं

म्हणून माझं सांगणं एवढंच : गाडी सुरू होण्याची वाट बघू नका. बंद आहे तोवरच तिला विचारून घ्या की ठिणगी गेली आहे की पेट्रोल. सुरू झाल्यावर गॅरेजात नेली तर सगळं ठणठणीत दिसणार, आणि मिस्त्री अंदाजानेच काहीतरी बदलणार. त्याचा दोष नाही, त्याला आजारी गाडी कधी बघायलाच मिळत नाही.

बंद कशी पडली ते आठवा. चावी काढून घेतल्यासारखी एका क्षणात मेली तर संशय इग्निशनवर. आधी गचके खाल्ले, एक्सलेटर दाबला की दम तुटतो, सोडला की थोडी सावरते, असं करत करत मेली तर पेट्रोल कमी पोचतंय. माझी प्रत्येक वेळी एका क्षणात मरायची आणि मी दीड वर्ष पंपामागे लागलो होतो.

मग एअर फिल्टरचं झाकण काढून कार्बोरेटरच्या तोंडात बघा आणि हाताने थ्रॉटलचा दांडा झटकन ओढा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली तर फ्लोटच्या वाटीत पेट्रोल आहे. पेट्रोल असूनही इंजिन पकडत नसेल तर पंप, नळी, टाकी, वाफ हे सगळे आरोपी सुटले. पिचकारी कोरडी असेल तर त्यांच्याकडे वळा.

एअर फिल्टर परत बसवा आणि मगच ठिणगी बघा. उघड्या पेट्रोलजवळ ठिणगी पाडायची नाही, एवढं भान घाईतही ठेवा. डिकीत एक जादा प्लग असू द्या. एका प्लगची वायर काढून या जादा प्लगला लावायची, प्लगचं लोखंडी अंग इंजिनच्या स्वच्छ भागावर नीट टेकवायचं, पक्कड रबरी मुठीची हवी, आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगायचं. निळी, टचटच आवाज करणारी ठिणगी असेल तर ठीक. पिवळट, मरतुकडी, किंवा नाहीच, तर चोर सापडला.

माझ्या गाडीत पिचकारी जोरदार होती. ठिणगी नव्हती.

दहा रुपयांचा दिवा

पुढची तपासणी बारा व्होल्टच्या इंडिकेटर बल्बला दोन वायरी जोडून केलेल्या दिव्याने होते. मल्टिमीटर असला तर उत्तम, पण रस्त्यावर उन्हात आकडे वाचण्यापेक्षा दिवा पेटला की नाही हे बघणं सोपं.

दिव्याची एक वायर इंजिनला म्हणजे अर्थला लावा. चावी चालू करून दुसरी कॉइलच्या (बारा व्होल्टचे ठिणगीपुरते हजारो व्होल्ट करणाऱ्या डब्याच्या) ज्या टोकाला चावीकडून करंट येतो तिथे लावा. जुन्या कॉइलवर तिथे एस-डब्ल्यू लिहिलेलं असतं, नंतरच्यांवर अधिकचं चिन्ह. दिवा पेटला नाही तर कॉइलपर्यंत करंटच येत नाही : इग्निशन स्विच, फ्यूज किंवा मधला एखादा सैल लग. पेटला तर वायर दुसऱ्या टोकाला न्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या सीबीला, आणि सेल्फ मारा. पॉइंट उघड-मीट करत असतील तर दिवा लुकलुकतो. सतत पेटलेलाच राहिला तर पॉइंट मिटतच नाहीत, किंवा मिटले तरी काळे पडल्यामुळे अर्थ मिळत नाही. अजिबात पेटला नाही तर तीन शक्यता : पॉइंट उघडत नाहीत, पॉइंट जळू न देणारा छोटा कंडेन्सर आतून शॉर्ट झाला आहे, नाहीतर कॉइलचीच आतली तार तुटली आहे. पॉइंटच्या फटीत जाड कागद सरकवून बघा. पॉइंट वेगळे झाले तरी दिवा विझलेलाच असेल तर कंडेन्सरची वायर सोडा. आता पेटला? मग तोच.

माझा दिवा व्यवस्थित लुकलुकत होता. म्हणजे करंट येतोय, पॉइंट काम करताहेत, तरी ठिणगी नाही. उरले कंडेन्सर, कॉइल आणि डिस्ट्रिब्युटरमधले रोटर नि कॅप.

आधी कंडेन्सर बदलला, कारण तो सगळ्यांत स्वस्त. पॉइंटही निळेजांभळे जळलेले होते आणि ती कंडेन्सर ढिला पडल्याची खूण मानतात. दहा-बारा दिवस गाडी झकास चालली. मी पुन्हा मित्रांना सांगितलं. आणि पुन्हा खडी मशीन चौक.

या वेळी मात्र बंद पडल्या पडल्या मी कॉइलला हात लावला आणि ओरडून मागे घेतला. कॉइल चालताना कोमट-गरम होते, पण तिच्यावर हात ठेवता आला पाहिजे. ही तव्यासारखी तापली होती.

कॉइल कुणी बसवली?

मीच. त्याच्या दोन वर्षं आधी नाना पेठेत स्पेअर घेताना एक "जास्त ताकदीची" कॉइल हाती लागली. थंडीत लवकर सुरू होईल म्हणून जुनी चांगली कॉइल काढून ती लावली. खरंच लवकर सुरू व्हायला लागली, म्हणून तिच्यावर संशय यायचं कारण नव्हतं. घरी येऊन दोन्ही कॉइल टेबलावर शेजारी ठेवल्या आणि मल्टिमीटरने दोन्ही छोट्या टोकांमधला रोध मोजला. जुनीचा सव्वातीन ओहम. नवीचा दीड. नव्या कॉइलच्या बुडाशी, लेबलच्या कडेला, मुंगीएवढ्या अक्षरात छापलेलं होतं की ही बाहेरच्या रेझिस्टरबरोबरच वापरावी.

हिशोब शाळेतला आहे. बारा व्होल्टला तीन ओहम म्हणजे चार अँपिअर, दीड ओहम म्हणजे आठ. दीड ओहमवाली कॉइल अशा गाड्यांसाठी असते ज्यांच्या वायरिंगमध्ये बॅलास्ट रेझिस्टर घालून करंट कमी केलेला असतो. माझ्या गाडीत तो नाही. म्हणजे दुप्पट करंट, त्याने पॉइंट जळतात आणि कॉइल आतून शिजते. तापून आतली तार किंवा जोड सुटायचा, निवला की परत चिकटायचा.

आणि खडी मशीन चौकच का, तेही उमगलं. तिथे सिग्नल लांब म्हणून पेट्रोल वाचवायला मी इंजिन बंद करायचो, पण चावी चालूच ठेवायचो, इंडिकेटर आणि टेपसाठी. इंजिन थांबताना पॉइंट मिटलेले राहिले तर कॉइलमधून सलग पूर्ण करंट वाहतो. बारा गुणिले आठ, शहाण्णव वॉट. शंभरचा बल्ब पत्र्याच्या डब्यात कोंडून पेटता ठेवावा तसं. पॉइंटवाली कुठलीही जुनी गाडी असो, इंजिन बंद तर चावीही बंद.

जुनी कॉइल परत लावली, पॉइंट नवे घालून फट 0.4 मिलिमीटरला लावली, कंडेन्सर नवा होताच. पंधरा महिने झाले. त्यात दोन मे महिने गेले, चार वेळा खंबाटकी घाट चढली. त्यानंतर या कारणाने एकदाही बंद पडली नाही.

कंडेन्सरबद्दल एक कडवट सूचना : हल्ली पेटीतून काढलेला नवा कंडेन्सरही खराब निघतो. चांगला चाललेला जुना असेल तर फेकू नका. मी एका चांगल्या कंडेन्सरला मगरचिमटा जोडून ठेवला आहे. रस्त्यात संशय आला तर त्याची वायर कॉइलच्या सीबी टोकाला लावायची आणि अंग बॉडीला कसायचं, डिस्ट्रिब्युटर उघडायलाही नको. मात्र आतला कंडेन्सर शॉर्ट झाला असेल तर ही युक्ती चालत नाही, आधी त्याची वायर सोडावी लागते.

पिचकारी कोरडी असेल तर

पेट्रोलच संपत असेल, तर वाफेला दोष देण्याआधी टाकीचं झाकण उघडा. उघडताना "सुस्स" करून हवा आत शिरली तर झाकणाचं किंवा टाकीचं श्वास घ्यायचं भोक बुजलं आहे. पंप पेट्रोल ओढतो, मागे हवा येत नाही, टाकीत निर्वात होतो आणि पुरवठा तुटतो. ही तक्रारसुद्धा वीस-तीस किलोमीटरनंतर येते आणि थांबल्यावर आपोआप बरी होते, म्हणून हिलाही फडका "लागू पडतो". मग फिल्टर. मग टाकीपासून पंपापर्यंतची रबरी नळी. ती ओढीच्या बाजूला असल्याने तडा गेला तर थेंबभर गळत नाही, नुसती हवा ओढते.

इथे इथेनॉलचा विषय निघतोच. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि आपल्या गाड्या ज्या काळात बनल्या तेव्हा हे कुणाच्या मनातही नव्हतं. जुनं रबर त्याने फुगतं, मऊ होतं, एसी पंपाचा डायफ्राम लवकर जातो. टाकीच्या तळाशी तीस वर्षं निवांत बसलेला राळेचा थर सुटून फिल्टरमध्ये येतो. माझे पहिले तीन फिल्टर महिन्याभरात तपकिरी झाले होते. नळ्या सगळ्या इथेनॉलला चालणाऱ्या घ्या, नुसत्या "पेट्रोल पाइप" म्हणून मीटरवर मिळणाऱ्या नकोत. जेटचंही, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकाचंही, बघा : साध्या पेट्रोलला एका भागाला 14.7 भाग हवा लागते, या मिश्रणाला साधारण साडेतेरा. जुन्या जेटवर गाडी कोरडी चालते, चढावर गरम होते, एक्सलेटर सोडताना कार्बोरेटरमधून शिंकते. मी मेन जेट एक नंबर मोठा घातला, शिंका थांबल्या.

इलेक्ट्रिक पंप बसवणार असाल तर कार्बोरेटरच्या गाडीचाच, दोन-तीन पीएसआय दाबाचा घ्या. इंजेक्शनच्या गाडीचा पंप लावला तर तो दाबाने फ्लोटची सुई उघडीच धरेल आणि पेट्रोल इंजिनवर वाहील. त्याला ऑइल प्रेशरच्या स्विचमधून वायर द्या, म्हणजे इंजिन थांबलं की पंप थांबतो. अपघातात चावी फिरवायचं भान राहत नाही. माझा पंप कामाचा नव्हता असं कळल्यावर मी तो काढून टाकला.

ठेवलेले बदल

रेडिएटरवर थर्मोस्विचचा इलेक्ट्रिक पंखा ठेवला आहे, त्याला डॅशबोर्डखाली हाताचं बटणही. हेडलाइटला रिले, चारही टायर रेडियल, पुढे सीट बेल्ट. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावावं असं बरेच जण सुचवतात. वाईट नाही, पण ते मेलं तर रस्त्यात काही करता येत नाही, पॉइंट पॉलिश पेपरने घासून घरी येता येतं. लावणार असाल तर त्याला किती ओहमची कॉइल लागते ते आधी वाचा. माझ्यासारखं नंतर वाचू नका.

इंजिन बदलणं, बॉडी कापणं या गोष्टी आरटीओच्या मंजुरीशिवाय करू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 त्यासाठीच आहे. आणि पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला 2021 च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी मिळते, पण तशी नोंदणी केलेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रोज चालवायची असेल तर साधी नोंदणी, दर पाच वर्षांनी तपासणी आणि ग्रीन टॅक्स.

एक कुरकुर शिल्लक आहे. मे महिन्यात दुपारी गाडी लावून दहा मिनिटं दुकानात गेलो तर परत आल्यावर ती लगेच सुरू होत नाही. पंखा आणि पाणी दोन्ही थांबल्यामुळे बॉनेटखालची उष्णता उलट वाढते, कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळून खाली सांडतं आणि इंजिन ओलं होतं. अशा वेळी एक्सलेटर हापसायचा नाही, प्रत्येक दाबाला अजून पेट्रोल पडतं. पूर्ण खाली दाबून धरायचा आणि सेल्फ मारायचा, पाच-सहा सेकंदांत खोकत सुरू होते. सुरू झाली की पाय लगेच सोडा.